गुरुवारची विचारपूस

अमेरिकन फुटबॉल हा तरुणांचं चारित्र्य घडवण्यासाठी जन्माला आलेला खेळ आहे. त्याग, शिस्त, संघभावना आणि पडल्यावर पुन्हा उभं राहण्याची वृत्ती हे गुण या मैदानावर जसे रुजतात तसे वर्गात रुजत नाहीत. गेली शंभर-सव्वाशे वर्षं इथल्या कॉलेजांचे अध्यक्ष हे सांगत आले आहेत, आणि ते सांगत असताना नव्या स्टेडियमची कोनशिला सहसा जवळपास असते.

खरी सुरुवात यापेक्षा साधी आहे. एकोणिसाव्या शतकात न्यू जर्सीतल्या दोन शेजारी कॉलेजांची पोरं एका मैदानात जमली. एकेका बाजूला पंचवीस जण, चेंडू गोल, आणि तो हातात घेऊन पळायला बंदी. म्हणजे आज ज्याला अमेरिकन फुटबॉल म्हणतात त्यातलं जवळजवळ काहीच तिथे नव्हतं. नियम यजमानांचे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांच्या मैदानावर खेळले तेव्हा नियम दुसऱ्यांचे. आपल्याकडे गल्लीत ज्याची बॅट त्याचा कायदा असतो, तसंच. मग कॅनडातून आलेल्या एका संघाने रग्बीची चटक लावली आणि चेंडू हातात आला. पुढे काही संघांनी हातात आलेला चेंडू सोडायचाच नाही असं ठरवून अर्धा अर्धा सामना तो नुसता धरून ठेवला. प्रेक्षक जांभया द्यायला लागले, तेव्हा ‘इतक्या प्रयत्नांत इतकं अंतर कापा, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या’ असा नियम झाला, आणि अंतर मोजायला मैदानावर चुन्याच्या रेघा आल्या. त्यानंतर इतकी पोरं जायबंदी झाली, काही मेलीसुद्धा, की खुद्द राष्ट्राध्यक्षांना कॉलेजवाल्यांना बोलावून समज द्यावी लागली. या सगळ्या काळात मैदानाच्या कडेला पैजा लागत होत्या. विद्यार्थी लावत, माजी विद्यार्थी लावत, गावातले प्रतिष्ठित लावत. चारित्र्य रेघांच्या आत घडत होतं.

ही माहिती मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका तळघरात बसून, तीन मित्रांना दर शनिवारी थोडी थोडी देत असे. तळघर एका निवृत्त डॉक्टरांचं. ते सांगलीचे, आम्हा तिघांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आयुष्यभर लोकांना भूल देण्याचं काम केलेले. बाकी आम्ही तिघे गाड्यांच्या धंद्यातले. फुटबॉलचा सामना साडेतीन तास चालतो आणि त्यात प्रत्यक्ष खेळ फार थोडा असतो. उरलेला वेळ जाहिराती, चिवडा आणि मी.

“याने आत्ता दोन जाहिरातींत एकोणिसावं शतक उरकलं,” डॉक्टर म्हणायचे. “अरे, भूल द्यायला मला निदान औषध लागायचं.”

आमच्या राज्यात फोनवरून पैज लावणं कायदेशीर झालं तेव्हा त्याची पहिली टवाळी मीच केली. पहिली पैज मात्र डॉक्टरांनी लावली आणि दुसरी मी. रकमा फुटकळ होत्या. पूर्ण हंगामात मी जेवढं लावलं तेवढ्यात चौघांचं एक वेळचं जेवण झालं असतं, तेही दुपारच्या बुफेचं. इथे कोण जिंकेल एवढ्यावरच पैज नसते, किती गुणांनी जिंकेल यावरही असते. तो आकडा पैजवाली कंपनी आठवडाभर आधी जाहीर करते आणि मग बातम्या येतील तसा वरखाली करते. आपण म्हणायचं, कंपनी चुकतेय. माझ्यासारख्याला यापेक्षा मोठं आमिष नाही. कोणीतरी अधिकारवाणीने आकडा सांगतोय आणि तो चूक आहे हे सिद्ध करण्याची सोय फोनमध्येच आहे.

आता माझ्या मुलीबद्दल सांगितलं पाहिजे.

ती दोन तासांच्या अंतरावरच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. तिला फिजिओथेरपीला जायचं होतं, आणि त्यासाठी ती कॉलेजच्या फुटबॉल संघाबरोबर विद्यार्थी-ट्रेनर म्हणून काम करत होती. पहाटे उठून खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, बर्फाचे टब भरायचे, सरावाच्या वेळी पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेला उभं राहायचं, दुखापत झाली की हेड ट्रेनरबाईंच्या हाताखाली शिकायचं. या कामाचे तास आणि बाईंचं शिफारसपत्र यांच्यावर तिचा पुढचा प्रवेश अवलंबून होता. हे तिने मला दोन-तीनदा समजावून सांगितलं होतं.

आमच्या ओळखीतली बाकीची मुलं कॉम्प्युटर सायन्सला होती. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, “काय करते सध्या?” तर मी “प्री-मेडसारखंच आहे काहीतरी,” असं म्हणून प्रसादाच्या रांगेकडे वळायचो. एकदा ती शेजारीच उभी होती. तिने काही दुरुस्ती केली नाही. कागदी ताटलीतला मोदक हळूहळू खात राहिली.

दर गुरुवारी सरावानंतर होस्टेलकडे चालत जाताना ती घरी फोन करायची. फोन उचलायचो मी, कारण तो माझ्या खुर्चीजवळ असायचा. “जेवलीस का? थंडी आहे का? हां, देतो आईला.” एवढं बोलून फोन द्यायचो. आमच्या पिढीच्या बऱ्याच बापांनी अमेरिकेतल्या मुलांशी केलेलं एकूण संभाषण या तीन वाक्यांत मावतं. त्यात जेवणाच्या उत्तरासाठी थांबायचीही पद्धत नसते.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मात्र ती स्वतःहून बोलली. “बाबा, आज होल डे ट्रेनिंग होतं. गॅम्बलिंगवर. आम्ही बेट करायचं नाही, अँड इंज्युरीजबद्दल टीमबाहेर कोणाशी बोलायचं नाही. फॉर्म साइन केला. इट्स अ बिग डील.”

“म्हणजे पैसे फक्त कॉलेजने कमवायचे,” मी म्हणालो.

ती हसली. तिला माझं असलं बोलणं आवडायचं. मी फोन आईला दिला.

तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही.

सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी ती दमलेल्या आवाजात म्हणाली, “आज एकाला खूप पेन होतं यार, मी फॉर्टी मिनिट्स त्याच्यासोबत बसले.” फोन आईकडे देण्यासाठी मी हात पुढे केला होता. तो मागे घेतला आणि विचारलं, “काय झालं त्याला?”

“यू रिअली वॉन्ट टू नो?”

“मग? सांग की.”

तिने सांगितलं. घोटा बाहेरच्या बाजूने मुरगळला तर कुठे सूज येते, आतल्या बाजूने मुरगळला तर बरं व्हायला जास्त दिवस का लागतात, पट्टी आधी कुठून सुरू करायची. ती पंधरा मिनिटं बोलत होती आणि चालण्यामुळे तिला मधेमधे धाप लागत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघून गेली. फोन ठेवल्यावर म्हणाली, “आज बाप-लेकीचं बरंच रंगलं.” ती खूश दिसली. मीही खूश होतो.

तिने खेळाडूचं नाव घेतलं नव्हतं. तिने कधीच नाव घेतलं नाही. “एक जण,” “आमचा एक रनर,” एवढंच. ती काळजी घेत होती, आणि आपण घरच्यांशी बोलतोय, बाहेर कोणाशी नाही, असं समजत होती. नाव मी काढलं. गाडी वॉरंटीत परत आली की गिऱ्हाइकाच्या अर्धवट तक्रारीवरून नेमका भाग कोणता बिघडलाय ते शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. मागच्या शनिवारचा सामना मी पुन्हा पाहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक जण उठताना डावा पाय टेकत नव्हता. दहा मिनिटांचं काम.

तिचं कॉलेज लहान. देशभर गाजणाऱ्या संघांच्या दुखापतींची बातमी तासाभरात सगळीकडे होते, तिच्या संघाची होत नाही. मी त्या संघाविरुद्ध पैज लावली. शनिवारी तो मुलगा खेळला नाही, संघ कंपनीच्या आकड्यापेक्षा बऱ्याच जास्त गुणांनी हरला, आणि तळघरात मी कंपनीच्या अडाणीपणावर चार शब्द बोललो.

“तुला रे कसं कळलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“अभ्यास,” मी म्हणालो.

त्यानंतरचे सहा गुरुवार मी चांगला बाप होतो. फोन आला की त्याचा आवाज मोठा करून खुर्चीत बसायचो. “मग, आज काय शिकलीस?” असं विचारायचो. आधी पट्ट्यांबद्दल, बाईंबद्दल, तिच्या शरीरशास्त्राच्या परीक्षेबद्दल. घाई करायची नाही हे मला लवकर समजलं. पाच-सात मिनिटांनी सहज, “आणि तुझे पेशंट कसे आहेत?” ती मोकळेपणाने सांगायची. कधी नुसतंच, “सगळे ठीक, नोबडी इज डाइंग.” कधी एखाद्याचा गुडघा. एकदा म्हणाली, “बाबा, मी बाईंना सांगितलं, माय डॅड आस्क्स सच गुड क्वेश्चन्स.”

हे वाक्य मी त्या वेळी कौतुक म्हणून घेतलं आणि शुक्रवारी पैज लावली.

मी स्वतःला काय सांगत होतो तेही लिहायला हवं. मी सांगत होतो की हा खेळ पैजांच्या खतपाण्यावर वाढलेला आहे. की प्रशिक्षकाचा पगार राज्याच्या गव्हर्नरपेक्षा जास्त असतो. की स्टेडियममध्ये पैजेच्या जाहिराती लावायच्या आणि पाणी देणाऱ्या पोरीकडून शपथपत्र घ्यायचं हा ढोंगीपणा आहे. यातलं बरंचसं खरं आहे. दुसऱ्याचं ढोंग दाखवताना माणसाला एक सोयीस्कर भ्रम होतो की आपण प्रेक्षकांत बसलो आहोत.

दिवाळीच्या आठवड्यात तिच्या संघाला सामना नव्हता, म्हणून ती दोन दिवस घरी आली. रविवारी सकाळी डॉक्टरांकडे फराळ होता. वीसेक माणसं, अर्धी झब्बा-लेंग्यात आणि पायांत मोजे. डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकूंनी, तिच्या हातात करंजी ठेवली आणि डॉक्टर मोठ्या आवाजात म्हणाले, “या, या! आमची कुलदेवता आली! आधी हिला वाढा.”

ती हसली. “का काका?”

“का म्हणजे? तुझ्या आशीर्वादावर चाललंय आमचं. तो गुडघेवाला खेळणार नाही म्हणून तुझ्या बापाने शुक्रवारी सांगितलं, आणि आम्ही तिघांनी डोळे मिटून लावले. मी याला म्हटलं, अभ्यास-बिभ्यास काही नाही, पोरगी आहे ना तिथे!”

डॉक्टरांच्या बोलण्यात काहीही वाईट नव्हतं. फॉर्मबद्दल त्यांना माहीत नव्हतं. त्यांना मी सांगितलं नव्हतं. ‘गुडघा’ हा शब्दही मी आधी फक्त त्यांच्या कानात बोललो होतो, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. तिघांनाही ‘कोणाला सांगू नका’ म्हणालो होतो. गुपित ठेवण्याची आपली हीच पद्धत आहे.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी चकलीकडे पाहिलं.

तिने करंजी ताटलीत ठेवली, काकूंना वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली. नमस्कार करायला ती विसरली नाही, हे मला अजून आठवतं.

परतताना दोन सिग्नल मागे पडले. मग मागून आवाज आला.

“हाऊ मेनी टाइम्स?”

“पाचदा. सहादा असेल.”

“तुला मी सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये.”

“सांगितलं होतंस.”

“ते कळलं तर मला काढतील बाबा. लेटर मिळणार नाही. माझे सगळे अवर्स—” ती थांबली. “आय थॉट यू लाइक्ड व्हॉट आय डू.”

याला उत्तर होतं. ते खरंही असतं, कारण मधल्या कुठल्यातरी गुरुवारी मला खरोखर ते आवडायला लागलं होतं. पण ते आता सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून मी दुसरंच बोललो. मी म्हणालो, “हे बघ, कळणार कोणाला? आम्ही चौघंच आहोत. आणि तसं पाहिलं तर, अगदी पहिल्या सामन्यांपासून कॉलेजची पोरंच स्वतः—”

“गप्प बसा,” बायको म्हणाली. आमच्या एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने हे शब्द पहिल्यांदा वापरले. मी गप्प बसलो. एकोणिसावं शतक अर्धवटच राहिलं.

घरी आल्यावर मी तिच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि पुन्हा तेच सांगितलं, या वेळी इतिहासाशिवाय. कोणालाही सांगू नकोस. मी बंद केलंय, ॲप काढून टाकलंय, हे बघ. तिने फोनकडे पाहिलं नाही. बॅग भरत होती. म्हणाली, “बाबा, मी बाईंना काय सांगू, व्हेन शी आस्क्स अबाउट यू?”

सोमवारी सकाळी ती स्वतःच हेड ट्रेनरबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. मला ते दुपारी कळलं, बायकोकडून.

कॉलेजात नियमपालनाचा एक विभाग असतो. तिथून मला पत्र आलं की घडलेला प्रकार लिहून द्यावा. मी कामावरून लवकर घरी येऊन लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात मी आरोप मान्य केले होते, पण दीड पान कॉलेजांच्या दुटप्पीपणाला दिलं होतं आणि एक परिच्छेद चांगलाच जमला होता. बायकोने वाचलं आणि विचारलं, “यात तिने काय केलं ते कुठे आहे?”

नव्हतं कुठे. मी पुन्हा लिहिलं. तिने कधी नाव घेतलं नाही. तिला पैजेबद्दल माहीत नव्हतं. नियम तिने मला सांगितला होता आणि मला तो समजला होता. मी प्रश्न मुद्दाम विचारले. ती ते आपुलकीचे समजली. सात ओळी झाल्या. पाचव्या ओळीला मला उठून पाणी प्यावं लागलं. आपुलकी या शब्दाला इंग्रजीत काय लिहावं ते सुचेना, शेवटी ‘तिला वाटलं तिच्या वडिलांना तिच्या कामात रस आहे,’ असं लिहिलं. हे वाक्य एका अनोळखी अधिकाऱ्याला पाठवण्यासाठी टाइप करताना कसं वाटतं ते मी इथे सांगत बसत नाही.

त्या अधिकाऱ्याचा आठवड्याने व्हिडिओ कॉल आला. पंचविशीतला, टाय लावलेला, अत्यंत सभ्य मुलगा. त्याने मला प्रत्येक वाक्यात ‘सर’ म्हटलं. मला ओरडा हवा होता. त्याने विचारलं, “सर, तुमच्या मुलीने माहिती देऊ नये म्हणून तुम्ही कधी तिला थांबवलंत का?” मी नाही म्हणालो. “प्रकार उघड झाल्यावर तुम्ही तिला तो कळवायला सांगितलंत का?” मी सांगितलं, गप्प राहा असं म्हणालो. तो टाइप करत राहिला. शेवटी म्हणाला, “प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद, सर.” हा शब्द त्याने इतक्या सहजपणे माझ्यासमोर ठेवला की मला तो परत करता आला नाही.

निर्णय आठवड्यात आला. मुलीला फुटबॉल संघापासून दूर करण्यात आलं. उरलेल्या हंगामात मैदानावर, ट्रेनिंगच्या खोलीत, बसमध्ये, कुठेही नाही. ज्यांचे घोटे तिने तीन महिने बांधले त्यांच्या शेवटच्या सामन्याला ती तिकीट काढूनही गेली नाही. शिफारसपत्राबद्दल हेड ट्रेनरबाईंनी तिला बोलावून सांगितलं की त्या ते देतील. दोनच कारणं दिली: काम चांगलं होतं, आणि तू स्वतःहून आलीस. म्हणजे तिचं जे वाचलं ते तिने माझं ऐकलं नाही म्हणून वाचलं. घरात कोणी हे बोलून दाखवलं नाही. मलाच हिशेब जमतो.

मी तिला माफी मागणारा मेल केला. तिने उत्तर दिलं, “आय नो, बाबा.” त्यापुढे हसरा चेहरा नव्हता, फूल नव्हतं, काही नव्हतं. डॉक्टरही एकदा घरी येऊन गेले. जिन्याशी उभं राहून म्हणाले, “अरे, मला आधी सांगायचंस ना, मी तोंड उघडलं नसतं.” मी म्हणालो, “डॉक्टर, तुम्ही तोंड उघडलंत तेच बरं झालं.” ते बूट शोधायला लागले.

जानेवारीपासून तिला उरलेले तास पूर्ण करायला जलतरण संघाबरोबर घेतलं आहे. फोन ती आता थेट आईच्या नंबरवर करते. मी त्याच खोलीत असतो. कॉलेजच्या संकेतस्थळावर जलतरण संघाचं वेळापत्रक आहे, ते मी पाहतो.

पोहणाऱ्यांचे खांदे दुखतात. हे तिने मला सांगितलेलं नाही. मी वाचलं.